डीडी-२१४ वर ‘ऑनरेबल’ आहे, तरी अर्ज करायचा का?

प्रश्न असा: १९९८ साली ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’खाली, म्हणजे समलिंगी असल्याचं उघड झालं तर सैन्यातून काढण्याच्या धोरणाखाली, अमेरिकेच्या आर्मीतून काढलेल्या माणसाचा डिस्चार्ज ‘ऑनरेबल’च (सन्मानपूर्वक) आहे, मग आता कागद बदलून घेण्यात काय हशील?

हशील आहे. डीडी-२१४ हा सैन्य सोडताना मिळणारा सेवेचा दाखला; त्याची लांब प्रत, म्हणजे मेंबर-४, समोर ठेवा आणि तळाचे रकाने बघा. २४ मध्ये सेवेचा दर्जा असतो आणि बहुतेक जण तेवढंच वाचून कागद मिटतात. मेख पुढे आहे. २६ मध्ये सेपरेशन कोड, २७ मध्ये पुन्हा भरतीचा कोड, २८ मध्ये कारण. या २८ मध्ये ‘होमोसेक्शुअल अ‍ॅडमिशन’ असं छापलेलं असेल, तर दर्जा कितीही चांगला असो, लांब प्रत मागणाऱ्या प्रत्येकाला ते दिसणार. छोट्या प्रतीवर हे रकाने नसतात, त्यामुळे ती बघून निर्धास्त राहू नका.

प्रत नसेल तर एसएफ-१८० भरून सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मागवा. १९६० पूर्वी आर्मी सोडलेल्यांची फाइल १९७३ च्या आगीत जळालेली असण्याची शक्यता मोठी. तिथे पगाराच्या नोंदींवरून सेवा शाबीत करावी लागते.

आता फॉर्म. डिस्चार्जला १५ वर्षं झाली नसतील तर डीडी-२९३, डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे. धोरण संपलं २० सप्टेंबर २०११ ला, तेव्हा हा दरवाजा २०२६ च्या सप्टेंबरात जवळपास सगळ्यांनाच बंद होतो. १९९८ वाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी डीडी-१४९, रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाकडे. याला चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने बोर्ड ती माफ करू शकतं. फॉर्ममध्ये उशिराचं कारण विचारलेलं असतं. ती जागा कोरी सोडू नका. धोरणच २०११ पर्यंत लागू होतं, हे तिथे सरळ लिहा. त्याआधी एक बघून घ्या: २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीत ‘ऑनरेबल’वाल्यांना कारण वगळून नवा कागद मिळण्याची सोपी वाट आहे. तुमची केस तिच्यात बसत असेल तर बोर्डाचा खटाटोप वाचेल.

‘अपग्रेड करा’ एवढंच लिहिणं ही नेहमीची चूक. २०११ च्या संरक्षण खात्याच्या मेमोत जे आहे ते सगळं नाव घेऊन मागा: कारण ‘सेक्रेटेरियल ऑथॉरिटी’, कोड जेएफएफ, दर्जा ऑनरेबल, भरतीचा कोड तात्काळ पात्रतेचा. वर आणखी एक: डीडी-२१५ ही दुरुस्तीची चिठ्ठी नको, नवा डीडी-२१४ हवा, आणि १८ च्या शेऱ्यात बदलाचा उल्लेख नको. चिठ्ठी जोडली की जुना मजकूर मूळ कागदावर तसाच राहतो, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

मेमोची अट अशी की डिस्चार्ज फक्त त्या धोरणामुळे झालेला हवा. फाइलमध्ये गैरवर्तनाची वेगळी नोंद असेल तर प्रकरण अडतं. ती लपवू नका, बोर्डाला फाइल दिसतेच. नोंद कशाची, केव्हाची, आणि ती डिस्चार्जचं कारण का नव्हती, हे वेगळ्या परिच्छेदात मांडा.

राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी २०२४ मध्ये दिलेल्या माफीवरून बराच गोंधळ आहे. ती १९५१ ते २०१३ दरम्यान लष्करी कायद्याच्या तेव्हाच्या कलम १२५ खाली, परस्परसंमतीच्या संबंधांबद्दल कोर्ट-मार्शल झालेल्यांसाठी आहे. प्रशासकीय पद्धतीने काढलेल्यांना तिचा उपयोग नाही. आणि माफीचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून डीडी-२१४ आपोआप बदलत नाही. ते जोडून वेगळा अर्ज करावाच लागतो.

लिंगओळखीमुळे काढलेल्यांची वाट जास्त खडतर. २०११ चा मेमो त्यांच्यासाठी लिहिलेला नाही, आणि २८ मध्ये ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’सारखं काहीतरी असू शकतं. तिथे अन्याय आणि समन्यायावरचा २०१८ चा मेमो आधाराला घ्या; निदान चुकीचं होतं असं म्हणायचं असेल तर आजच्या डॉक्टरांचं लेखी मत जोडा.

दर्जा ‘अदर दॅन ऑनरेबल’ असेल तर व्हीएचे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे, फायदे मिळण्यासाठी बोर्डाची वाट बघत बसू नका. व्हीए दर्जाचा निर्णय स्वतः घेतं, आणि जून २०२४ पासून समलिंगी संबंधांचा जुना अडसर त्यांच्या नियमांतून गेला आहे. दोन्ही अर्ज एकाच वेळी टाका. बोर्डाला कायद्याने १८ महिन्यांपर्यंत वेळ आहे.