फोटोमागची किनार चारही बाजूंनी सारखी कशी यावी?

प्रश्न : वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी फोटोंचे स्क्रॅपबुक तयार करीत आहे. घरी १२ इंची कटिंग मशीन (संगणकावर आखलेला आकार पात्याने कापणारे) असल्यामुळे प्रत्येक फोटोमागे रंगीत कार्डस्टॉकचा (जाड कागदाचा) मॅट, म्हणजे कडेने किनार दिसेल असा थोडा मोठा तुकडा, लावायचे ठरवले. ४ × ६ इंचांचा आयत काढून त्याची रुंदी मी ४.२५ इंच केली, तरीही किनार वर-खाली जाड आणि दोन्ही बाजूंना बारीक दिसते. कोपऱ्यांशी कागदाचे तंतू निघतात आणि कापलेला मॅट गुंडाळतो. जुने कृष्णधवल फोटो तर कोणत्याच मापात बसत नाहीत. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : किनारीचा दोष मशीनचा नाही, तो सॉफ्टवेअरमधल्या कुलपाच्या छोट्या चिन्हाचा आहे. ते कुलूप लावलेले असताना रुंदी वाढवली की उंचीही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे आपला आयत ४.२५ × ६.२५ न होता ४.२५ × ६.३७५ इंचांचा झाला, म्हणजे बाजूंना सुमारे ३ मिलिमीटर आणि वर-खाली पावणेपाच मिलिमीटर किनार उरली. कुलूप उघडून रुंदी आणि उंची वेगवेगळ्या टाका, किंवा त्याहून सोपे म्हणजे फोटोच्या मापाचा आयत काढून त्याला ३ मिलिमीटरचा ऑफसेट, म्हणजे चारही बाजूंनी तेवढ्याच अंतरावरची बाहेरची रेषा, द्या. कोपरे टोकदार हवेत की गोल, हे तिथेच निवडता येते.

मात्र ‘४ × ६’ हे फोटोचे नाव समजावे, माप नव्हे. छापून आलेल्या फोटोची कड कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच आणि ३ मिलिमीटरच्या किनारीत एक मिलिमीटर म्हणजे तिसरा हिस्सा, जो डोळ्यांना लगेच खुपतो. म्हणून सॉफ्टवेअरचे एकक मिलिमीटर ठेवावे आणि स्टीलच्या पट्टीने प्रत्यक्ष फोटो मोजावा, तोही दोन्ही टोकांशी.

कोपऱ्यांचे कारण पात्यात आहे. या मशीनमधल्या साध्या पात्याचे टोक धारकाच्या मध्यरेषेवर नसून किंचित मागे असते आणि पाते ओढले जाताना ते आपोआप दिशा बदलते. काटकोनात आल्यावर त्याला कागदाच्या आतच वळावे लागते, आणि धार गेलेली असेल तर ते तिथले तंतू कापण्याऐवजी उपटते. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून त्यात पाते चार-पाच वेळा टोचून काढल्यास अडकलेला कचरा निघतो. तेवढ्याने भागले नाही तर पाते बदलावे. २५० ते ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) कार्डस्टॉकला एकदाच भरपूर दाब देण्यापेक्षा वेग कमी ठेवून बेताच्या दाबाने दोनदा कापलेले बरे. मोठा कागद लावण्यापूर्वी त्याच कागदाच्या तुकड्यावर नखाएवढा चौकोन कापून पाहण्याची सवय मी तरी कधी सोडत नाही. पावसाळ्यात दमट हवेत उघडा राहिलेला कागद हमखास तंतू सोडतो, म्हणून तो बंद पिशवीत सपाट ठेवावा.

मॅट गुंडाळतो तो काढण्याच्या पद्धतीमुळे. कापताना कागद ज्यावर चिकटवून मशीनमध्ये घालतो, त्या चिकट मॅटवरून कागद उचलू नका. सगळे उलटे करून कागद टेबलावर सपाट राहू द्या आणि चिकट मॅटच हलके वाकवत वर सोलत न्या. नवा चिकट मॅट फार धरून ठेवत असेल तर त्यावर स्वच्छ सुती कापड दोन-तीनदा टेकवावे, म्हणजे चिकटपणा बेताचा होतो.

कागद वाचवण्यासाठी एक मांडणी सांगतो. १२ × १२ इंचांच्या कागदावर ४.२५ × ६.२५ चे सगळे मॅट उभे ठेवले तर दोनच मावतात. तेच भिंगरीच्या पात्यांसारखे, एक उभा, त्याला लागून एक आडवा, असे फिरत मांडले तर साडेदहा इंचांच्या चौकोनात चार बसतात आणि मधोमध सुमारे दोन इंचांचा तुकडा उरतो. त्यावर तारीख, गावाचे नाव लिहिता येते.

आता जुने फोटो, आणि खरे जपायचे आहे ते इथे. क्लिक थ्री या जुन्या रोल-फिल्मच्या कॅमेऱ्यातले चौकोनी फोटो ६ × ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हवरचे असत. ते कित्येकदा तेवढ्याच आकारात छापलेले असतात, काहींच्या कडा नक्षीदार कातरलेल्या असतात आणि काही हाताने कापलेले असल्याने काटकोनातही नसतात. कातरलेली कड सर्वांत बाहेरच्या टोकापासून मोजावी. वाकड्या फोटोला ३ मिलिमीटरची किनार देऊ नये. ८ ते १० मिलिमीटर दिली की वाकडेपणा लपतो. खिडकीचा मॅट, म्हणजे मधून कापलेला आणि फोटोच्या वरून बसणारा, करायचा असेल तर खिडकी प्रत्येक बाजूने फोटोपेक्षा ३ मिलिमीटर लहान ठेवावी, पण कातरलेली कड झाकली जाणार असेल तर हा मोह टाळावा, कारण त्या काळाची खूण तीच आहे. कागद आम्लमुक्त आणि लिग्निनमुक्त (कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक नसलेला) घ्यावा. पाण्यातला पांढरा गोंद फोटोला सुरकुत्या पाडतो, म्हणून मूळ फोटोला गोंद लावूच नये. कागदी फोटो-कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे खिसे) वापरले तर उद्या नातवंडांना तो फोटो काढून त्याच्या पाठीवरची आजीची नोंद वाचता येईल.

प्रश्न : भिंतीवरच्या फ्रेमसाठी लागणारा जाड माउंट बोर्ड, तिरप्या कडेसह, याच मशीनवर कापता येईल का?
— एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : तिरपी कड येणार नाही. या मशीनमध्ये पाते उभे असते, त्यामुळे काप सरळच पडतो. जाडीचे म्हणाल तर क्रिकट मेकर या कटिंग मशीनचे नाइफ ब्लेड (जाड वस्तूंसाठीचे वेगळे पाते) २.४ मिलिमीटरपर्यंतचा बोर्ड अनेक फेऱ्यांत कापते; साध्या पात्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. ४५ अंशांची कड हवीच असेल तर बोर्ड फ्रेमवाल्याकडून हातकटरवर कापून घ्यावा आणि मशीनवर त्याच्यावर बसणारी रंगीत कार्डस्टॉकची दुसरी, थोडी मोठी खिडकी कापावी, म्हणजे खालची तिरपी कड तिच्या आतून उठून दिसते.