गोड बोलणारी माणसं खुर्चीपर्यंत पोचतात कशी?

प्रश्न : आमच्या संस्थेत एक पदाधिकारी आहेत. नवा माणूस पहिल्याच भेटीत त्यांच्यावर फिदा होतो, पण हाताखाली काम करणारे एकेक करून सोडून जातात. तरी दर निवडणुकीत तेच येतात. यांना सायकोपॅथ (म्हणजे वरून गोड पण दुसऱ्याचं काही न वाटणारा माणूस) म्हणायचं का? आणि राजकारणात अशीच माणसं वर का जातात?

उत्तर : आधी पहिलं, सायकोपॅथ म्हणू नका, निदान चारचौघांत तरी नको. हे मोजायची जी चाचणी सगळ्यात जास्त वापरतात ती कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची, त्यात २० मुद्दे, प्रत्येकाला ० ते २ मार्क, म्हणजे एकूण ४०, आणि ते मार्क ट्रेनिंग घेतलेला माणूस मुलाखत आणि जुनं रेकॉर्ड दोन्ही बघून देतो. लांबून निदान करायला गेलं की काय होतं ते १९६४ मध्ये अमेरिकेत दिसलं, बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला उभे होते आणि एका मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं की हे मानसिकदृष्ट्या फिट आहेत का, तर ज्यांनी त्यांना कधी तपासलंच नव्हतं अशा हजारावर डॉक्टरांनी बिनधास्त 'नाही' लिहून पाठवलं! गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि केस जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की न तपासता कुणाबद्दल असं जाहीर मत द्यायचं नाही.

आता वर कसे जातात. लोक समजतात की असा माणूस फार हुशार असतो म्हणून पोचतो. मला नाही पटत. माझ्या मते तो पोचतो कारण त्याला निवडणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे. निवडणाऱ्यांना तो दिसतो भाषणात, मुलाखतीत, टीव्हीवरच्या चर्चेत, म्हणजे थोडाच वेळ, आणि तेवढा वेळ छाप पाडण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. दुसरा माणूस घाबरतो, अडखळतो, 'बघून सांगतो' म्हणतो. हा चुकीचं पण ठासून सांगतो आणि आपण त्यालाच कॉन्फिडन्स म्हणतो.

२०१० मध्ये हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपन्यांमधल्या २०३ जणांचा अभ्यास छापला. सायकोपॅथीच्या चाचणीत ज्यांचे मार्क जास्त होते त्यांना बोलण्यात, छाप पाडण्यात चांगला शेरा होता आणि टीममध्ये काम करण्यात, प्रत्यक्ष कामगिरीत वाईट, तरी त्यातले काही मोठमोठ्या पदांवर होतेच.

जवळून बघायचं तर मीटिंग बघा. आत येतानाच हा शिपायापासून सगळ्यांना नावाने हाक मारणार, तुमच्या आईच्या ऑपरेशनची चौकशी करणार, तुम्ही विरघळणार. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या विरोधात बोललात की तोच वरच्यांना हळूच सांगणार, 'त्यांचं सध्या घरी जरा टेन्शन आहे, आईचं आजारपण, जास्त मनावर घेऊ नका.' झालं, तुमचा मुद्दा गेला उडत. शिवाय दोघांमध्ये काड्या घालून ठेवल्या की ते एकमेकांशी बोलतच नाहीत, मग कुणाला काय सांगितलंय हे कोण ताडून बघणार?

राजकारणात यात भर पडते ती भीतीची. लोक घाबरलेले असले की त्यांना ठाम आवाज हवा असतो, तो कुणाचा हे नंतर बघू असं होतं.

प्रश्न : पण थोडं निगरगट्ट असल्याशिवाय नेता होता येतं का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ४२ अध्यक्षांवर एक अभ्यास झाला, त्यांच्या चरित्रकारांना आणि जाणकारांना विचारून. न घाबरता पुढे होणं ही सायकोपॅथीची एक बाजू मानतात, त्या गुणात थिओडोर रूझवेल्ट सगळ्यात वर निघाले, आणि हा गुण चांगल्या कारभाराशी जुळत होता. पण सायकोपॅथीची दुसरी बाजू, म्हणजे बेताल वागणं आणि नियम धाब्यावर बसवणं, तिचं तसं नव्हतं. म्हणजे धीट असणं वेगळं आणि दुसऱ्याचं काही न वाटणं वेगळं, आपण दोन्ही एकाच माळेत ओवतो.

आणि एक, २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की सायकोपॅथीचे गुण असलेला माणूस नेता बनण्याची शक्यता किंचित जास्त, पण चांगला नेता ठरण्याची किंचित कमी. किंचितच हं, त्यामुळे 'सगळे पुढारी सायकोपॅथ' हे गप्पांपुरतं ठीक आहे. त्यातही पुरुषांना हा स्वभाव पचून जातो, बायकांना मात्र त्याचा तोटाच होतो. (यावर वेगळं लिहायला लागेल.)

प्रश्न : मग आम्ही सभासदांनी करायचं काय?

उत्तर : त्यांच्या स्वभावात बदल होईल याची वाट बघू नका. सोडून गेलेल्यांना फोन करा, एकेकट्याला, आणि नीट ऐकून घ्या. तोंडी ठरलेलं त्याच दिवशी मेलवर लिहून सगळ्यांना पाठवा. पदाची मुदत आणि हिशोब तपासणारा बाहेरचा माणूस, या दोन गोष्टी संस्थेच्या घटनेत घालून घ्या, आणि हे निवडणूक लांब असतानाच करा, कारण तोंडावर आली की तुम्ही हे फक्त त्यांच्याविरुद्धच करताय असं ते रडतरडत सांगतील आणि अर्धी सभा त्यांच्या बाजूने उभी राहील.