ट्री पिओनीचं कलम खोल लावा
न्यू जर्सीत ट्री पिओनी (लाकडी फांद्यांचं, मोठ्या फुलांचं झुडूप) लावायची तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. बहुतेक रोपं साध्या पिओनीच्या (मऊ खोडाची, हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळणारी जात) मुळावर कलम केलेली असतात. म्हणून कलमाचा सांधा मातीखाली १० ते १५ सेंटिमीटर जायलाच हवा; तरच वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात. सांधा उघडा राहिला की खुंटाचे, म्हणजे खालच्या साध्या पिओनीचे, फुटवे जोर धरतात आणि कलम मागे पडतं. वेगळ्या पानांचे असे फुटवे दिसताच मुळापासून काढा. पाणी साचणारी जागा नकोच, मुळं कुजतात.

पानं गळाल्यावर साध्या पिओनीसारखी जमिनीलगत छाटणी मात्र अजिबात करू नका, पुढच्या कळ्या त्याच लाकडावर असतात! वसंतात कोंबांनी अचानक मान टाकली, काळे पडले, तर बुरशी समजा. निरोगी लाकडापर्यंत कापा आणि ते तुकडे कंपोस्टमध्ये टाकू नका. पहिली दोन-तीन वर्षं फुलं कमीच येतात. तेवढ्यासाठी झाड हलवू नका.