सिस्टर, मला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय

प्रश्न : नमस्कार सिस्टर. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, आता बेळगावात सेकंड पीयूसी सायन्सला, म्हणजे बारावीला आहे. मला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं आहे. परवा एक एजंट घरी येऊन गेला. म्हणाला, बारावीनंतर थेट नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स आहे, तीन वर्षांत परदेशात नोकरी. सीट धरायला आगाऊ पैसे मागतोय. बाबा म्हणतात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा कर, लवकर कमवायला लागशील. मैत्रिणी बीएस्सी नर्सिंगचे फॉर्म भरतायत. मी काय करू?

उत्तर : आधी बाबांना सांग, एजंटाला एक रुपयाही द्यायचा नाही. बारावीनंतर थेट नर्स प्रॅक्टिशनर करणारा कोर्स भारतात नाही आणि अमेरिकेतही नाही. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेऊन पेशंट तपासणारी आणि उपचाराचे काही निर्णय घेणारी नर्स. हे काम १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केलं, तेव्हाही शिकायला आल्या त्या नर्सच होत्या. तिथे आजही आधी रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यावर प्रमाणपत्र परीक्षा आणि शेवटी त्या राज्याचा परवाना असा क्रम आहे. इथली पदवी घेऊन गेलीस तरी आधी तिथली नर्सची परीक्षा द्यावी लागेल.

आपल्याकडे भारतीय नर्सिंग परिषदेचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. बीएस्सी नर्सिंग, राज्य परिषदेकडे नोंदणी आणि किमान एक वर्ष वॉर्डातला अनुभव असल्याशिवाय तिथे घेत नाहीत. म्हणजे बीएस्सीची चार, अनुभवाचं एक आणि या अभ्यासक्रमाची दोन मिळून सात वर्षं. एवढा काळ ऐकून बाबा हादरतील, पण मधल्या वर्षी तू पगार घेत असशील, हेही त्यांना सांग.

त्या अनुभवाच्या वर्षाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण मुलींना ते वाया गेल्यासारखं वाटतं. मी आयसीयूत इन्चार्ज होते. नवी मुलगी ड्युटीवर आली की मॉनिटरकडे बघत बसायची. बीपी ठीक दिसतंय, मग हिला वाटायचं पेशंट ठीक आहे. जुनी सिस्टर आधी पेशंटच्या तळव्याला हात लावायची. तळवे गार, नाडी जलद, पेशंट उगाच चादर ओढतोय, लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम काही थेंब. बीपी पडायच्या आधी शरीर असं सांगत असतं, आणि तेवढ्यात ज्यानं ओळखलं त्याच्या हातून पेशंट वाचतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासात प्रगत शारीरिक तपासणी, रोगप्रक्रिया आणि औषधशास्त्र शिकवतात, ते या ओळखीवर उभं राहतं. ती ओळख नसताना पुस्तक पाठ केलंस तर हाती काही लागणार नाही. म्हणून ते वर्ष मोठ्या आयसीयूत काढ, आणि रात्रपाळी टाळू नकोस.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. इथे नर्स प्रॅक्टिशनरला स्वतंत्र दवाखान्याची पाटी लावता येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हॉस्पिटलच्या ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार ती निर्णय घेते आणि औषधं देते. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. या कामाला पुढे नीट अधिकार आणि पदं मिळावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण आज तू जे आहे ते धरून ठरव.

बाबांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. जीएनएम तीन वर्षांचं आहे. त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलंस की पाच वर्षांत पदवी होते, म्हणजे थेट बीएस्सीपेक्षा एक वर्ष जास्त. घरची ओढाताण असेल तर तो चांगला मार्ग आहे. शिवाय केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतून आलेला अठरा महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ अभ्यासक्रम आहे, त्याला अनुभवी जीएनएम नर्सही जाऊ शकते. तू खानापूरची, म्हणून हा मुद्दाम सांगतेय. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात पेशंटला खांद्यावरून आणावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. अशा ठिकाणी सुरक्षित बाळंतपण करणाऱ्या शिकलेल्या बाईची किंमत आयसीयूतल्या सिस्टरपेक्षा कमी नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं कामही याच्या जवळचं आहे. बीपी-शुगरचे पेशंट तपासायचे, ठरलेली औषधं द्यायची, वेळेत पुढे पाठवायचं.

तरीही पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन तू इथवर आलीच आहेस, म्हणून माझं मत बीएस्सीकडे. पीसीबी आणि इंग्रजीत किमान ४५ टक्के लागतात, आणि कर्नाटकात केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कोल्हापूर-सांगलीकडे जायचं असेल तर महाराष्ट्राची सीईटी वेगळी. महाराष्ट्र ज्यांच्यावर दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुझं गाव असेल तर सीमाभागासाठी काय तरतूद आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाच. ज्या राज्यात काम करशील तिथल्या परिषदेची नोंदणी लागते, हेही ध्यानात ठेव.

मराठी शाळेचा न्यूनगंड ठेवू नकोस. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीचं इंग्रजी जड जाईल, रोज दहा शब्द वहीत लिहीत जा. कन्नड मात्र आतापासून बोलायला लाग. गोकाक-अथणीकडची आजी पोटात नेमकं कुठे आणि कसं दुखतंय ते कन्नडमध्येच सांगणार, आणि मध्ये दुभाषा घातला की निम्मं निसटतं.

कॉलेज ठरवताना इमारत बघू नका. बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की केएलईसारखं अभिमत विद्यापीठाचं आहे, नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, हे कागदावर बघा. मग कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं आहे आणि त्या खाटांवर पेशंट आहेत का, ते तू आणि बाबा दोघांनी जाऊन बघा. दुपारी ड्युटी बदलताना गेटवर थांब आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचार, ‘स्वतःच्या हातानं किती सलाइन लावलीत, किती बाळंतपणं केलीत?’ त्यांनी पटकन सांगितलं तरच फी भरा.