इन्स्टॉल केलेली लायब्ररी पायथनच्या शेलला का सापडत नाही?

प्रश्न : छावणीत आमची धान्याची आडत आहे. सोयाबीनचे रोजचे भाव मी एक्सेलमध्ये नोंदवून ठेवते आणि त्यांचा अभ्यास करता यावा म्हणून पायथन ही संगणकभाषा शिकते आहे. तक्त्यांतील आकडे हाताळणारी ‘पांडाज’ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) हवी म्हणून कमांड प्रॉम्प्टवर ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ ही आज्ञा दिली, ती व्यवस्थित पार पडली. (पिप म्हणजे लायब्ऱ्या इन्स्टॉल करणारे साधन.) मात्र पायथनचा शेल, म्हणजे विधाने एकेक करून चालवण्याची खिडकी, उघडून ‘इम्पोर्ट पांडाज’ लिहिले की ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ येते, आणि पुन्हा इन्स्टॉल करू गेल्यास ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’ असे उत्तर मिळते. यातले खरे काय मानायचे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोन्ही संदेश खरे आहेत, ते दोन वेगवेगळ्या पायथनांविषयी बोलत आहेत इतकेच. विंडोजवर एक पायथन अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेले आणि दुसरे अॅनाकोंडा या पायथन व लायब्ऱ्यांच्या तयार संचाबरोबर आलेले, अशी स्थिती सर्रास आढळते. प्रत्येक पायथनचा लायब्ररी ठेवण्याचा ‘साइट-पॅकेजेस’ हा फोल्डर स्वतंत्र असतो, त्यामुळे एकासाठी इन्स्टॉल केलेली लायब्ररी दुसऱ्याला दिसत नाही.

हे आपल्याला स्वतःच पडताळून पाहता येईल. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या तरी त्या रोमन लिपीतच टंकायच्या आहेत.) शेलमध्ये ‘इम्पोर्ट सिस’ आणि पुढच्या ओळीत ‘प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)’ लिहावे, चालू असलेल्या पायथनचा पूर्ण मार्ग समोर येतो. नंतर कमांड प्रॉम्प्टवर ‘पिप --व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात पिप कोणत्या फोल्डरमधून चालते आहे आणि ती पायथनच्या कोणत्या आवृत्तीची आहे, हे दोन्ही असते. हे मार्ग जुळत नसतील तर दुखणे सापडले. अशा वेळी नुसते ‘पिप’ न लिहिता शेलने दाखवलेला तो मार्ग लिहून त्यापुढे ‘-एम पिप इन्स्टॉल पांडाज’ जोडावे. मार्गात मोकळी जागा असल्यास तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टवरच द्यायची आहे. तीन कोनांच्या खुणेपुढे, म्हणजे शेलच्या आत, ती दिली तर ‘सिंटॅक्स एरर’ येईल, कारण तेथे केवळ पायथनची विधाने चालतात.

मार्ग जुळत असूनही अडचण राहिली, तर ‘सिस.पाथ’ पाहावे. लायब्ररी शोधताना पायथन ज्या फोल्डरांत क्रमाने डोकावतो, त्यांची ही यादी आहे. प्रॉम्प्टवरून उघडलेल्या शेलमध्ये तिची पहिली नोंद रिकामी दिसते आणि तिचा अर्थ ‘सध्याचा फोल्डर’ असा होतो. म्हणून सरावाच्या फाइलला ‘पांडाज.पीवाय’ असे नाव चुकूनही देऊ नये. मूळ लायब्ररीऐवजी तीच उचलली जाते आणि येणाऱ्या त्रुटी बुचकळ्यात टाकणाऱ्या असतात.

आपले भाव एक्सेलमध्ये असल्यामुळे पुढचा अडथळाही आधीच सांगून ठेवतो. ‘एक्सएलएसएक्स’ फाइल वाचण्यासाठी पांडाजला ‘ओपनपायएक्सएल’ ही आणखी एक लायब्ररी लागते आणि ती पांडाजबरोबर आपोआप येत नाही. ‘एक्सएलआरडी’ वापरण्याचा सल्ला अजूनही ठिकठिकाणी वाचायला मिळतो, परंतु 2020 मध्ये आलेल्या तिच्या 2.0 या आवृत्तीपासून ती फक्त जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलीच वाचते.

माझे आग्रहाचे सांगणे असे की या कामासाठी स्वतंत्र आभासी परिसर, म्हणजे फक्त याच कामापुरती पायथनची वेगळी जागा, तयार करावा. त्यासाठीचे ‘व्हेन्व्ह’ हे साधन 2012 मधील पायथन 3.3 पासून पायथनबरोबरच येते. ‘पायथन -एम व्हेन्व्ह भाव’ या आज्ञेने ‘भाव’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्यातील ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधली ‘अॅक्टिव्हेट’ फाइल चालवल्यावर त्या खिडकीत पिप आणि शेल दोन्ही एकाच पायथनचे राहतात. आडतीच्या हिशेबासाठी लागणाऱ्या लायब्ऱ्या त्यातच राहतील आणि शिकताना केलेल्या इतर प्रयोगांचा त्यांना उपद्रव होणार नाही.

लायब्ररीचे नाव मात्र तिच्या अधिकृत दस्तऐवजातून पाहूनच टंकावे. इन्स्टॉल करण्याचे आणि इम्पोर्ट करण्याचे नाव नेहमी एकच असते असे नाही: ‘सायकिट-लर्न’ इम्पोर्ट करताना ‘एसकेलर्न’ होते, तर ‘पिलो’ची ‘पीआयएल’ होते. शिवाय पिप जेथून लायब्ऱ्या आणते त्या ‘पायपीआय’ या सार्वजनिक भांडारावर कोणालाही लायब्ररी ठेवता येते आणि प्रसिद्ध नावांशी मिळत्याजुळत्या नावांनी घातक कोड ठेवल्याचे प्रकार तेथे घडलेले आहेत. अंदाजाने नाव टंकणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्रश्न : शेल उघडा असतानाच लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली, तर ती लगेच लागू होते का?
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : नाही. एकदा इम्पोर्ट झालेले मॉड्यूल (लायब्ररीतील कोडची फाइल) ‘सिस.मॉड्यूल्स’ या आधी घेतलेल्या मॉड्यूलांच्या नोंदीत राहते आणि पुन्हा इम्पोर्ट केले तरी तेच परत मिळते. आधी शेल बंद करावा, मग नवी आवृत्ती घ्यावी. विंडोजवर तर वापरात असलेल्या काही फाइली बदलता येत नसल्याने इन्स्टॉल अर्धवट राहण्याचीही शक्यता असते. आपण स्वतः लिहिलेल्या फाइलीसाठी ‘इम्पोर्टलिब.रीलोड’ उपयोगी पडते, मात्र ‘फ्रॉम’ वापरून आधी घेतलेली नावे त्यानंतरही जुन्याच कोडकडे बोट दाखवत राहतात. ती पुन्हा इम्पोर्ट करून घ्यावीत.