थेंब लेडुकचा, चाक एडमंटनचं

ताई, लगेच बनावट ठरवू नका. तुमच्या भाच्याने कॅनडातल्या एडमंटनहून पाठवलेली जर्सी गडद निळी आहे, पट्टे चंदेरी आहेत आणि छातीवर दातेरी चाकातून सुटून निघालेला तेलाचा थेंब आहे. टीव्हीवर मात्र तिथला आइस हॉकी संघ ऑइलर्स केशरी-निळ्यात दिसतो, छातीवर संघाचं नाव असतं. त्यामुळे तुम्हाला शंका आली, आणि वर "आइस हॉकीत गियर कुठून आला?" असंही तुम्ही विचारलंय. मी त्या गावात अकरा हिवाळे काढले आणि पगारातला बराच पैसा जर्सींवर उधळला, म्हणून दोन्ही प्रश्नांना जरा ऐसपैस उत्तर देतो.

ती ऑइलर्सचीच जर्सी आहे, फक्त पर्यायी. २००१ ते २००७ या काळात संघ काही निवडक सामन्यांना ती घालायचा. एनएचएल या आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये अशा तिसऱ्या (घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांच्या दोन जर्सींखेरीज) जर्सीची टूम १९९५-९६च्या हंगामात निघाली. पहिल्या वर्षी पाचच संघांनी ती काढली आणि त्यातल्या दोन-तीन तर इतक्या भयंकर होत्या की लोक आजही त्यांची थट्टा करतात. एडमंटनने जरा उशिरा, २००१मध्ये, हे काम टॉड मॅकफार्लेनकडे दिलं. हा 'स्पॉन' कॉमिक्सवाला. संघाच्या मालकांत त्याचा छोटा वाटाही होता. गंमत अशी की त्याचा जन्म कॅल्गरीचा. एडमंटन आणि कॅल्गरी यांचं हॉकीतलं वैर ज्याला माहीत आहे, त्याला यातली मजा वेगळी सांगायला नको.

आता चाकाकडे या. एडमंटन स्वतःला कॅनडाची तेल-राजधानी म्हणवतं आणि याची सुरुवात बोटाने दाखवता येते: १३ फेब्रुवारी १९४७. इंपीरियल ऑइल कंपनीने त्याआधी ओळीने १३३ विहिरी खणल्या होत्या, सगळ्या कोरड्या. खणणाऱ्या चमूचा प्रमुख व्हर्न हंटर, त्याचं टोपणनावच 'ड्राय होल' पडलं होतं. अशा माणसाला कंपनीने सांगितलं की तारीख जाहीर कर, पाहुणे बोलावतो. त्या दिवशी थंडीत कुडकुडत पाहुणे ताटकळले, आणि दुपारी चारच्या सुमारास लेडुक क्रमांक १ या विहिरीने तेल दिलं. वायू पेटवला तेव्हा धुराचं एक मोठं कडं आकाशात तरंगत गेलं. त्याचा फोटो अल्बर्टा प्रांतात तुम्हाला जागोजागी दिसेल.

पण ही विहीर एडमंटनमध्ये नव्हती. ती दक्षिणेला, साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. पुढे गाजलेली तेलवाळू (तेल मिसळलेली वाळू) तर उत्तरेला फोर्ट मॅकमरीकडे, चारशेहून जास्त किलोमीटर दूर. मग एडमंटनकडे काय आलं? पाइप, व्हॉल्व्ह, पंप, वेल्डिंग, लेथ, ट्रेलर आणि शहराच्या पूर्वेकडच्या रिफायनऱ्या. विमानतळाकडे जाताना निस्कूची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या आवारांत ड्रिलिंगचे पाइप जळणाची लाकडं रचावीत तसे रचलेले असतात. माझा घरमालक अशाच एका शॉपमध्ये गियरबॉक्स दुरुस्त करायचा. उभ्या आयुष्यात त्याने विहिरीतून तेल निघताना पाहिलं नव्हतं, पण त्याच्या नखांखालचं ग्रीस कधी गेलं नाही.

म्हणून माझं मत असं आहे की मूळ बोधचिन्हापेक्षा ही पर्यायी जर्सी शहराशी जास्त खरी आहे. मूळ चिन्हात अक्षरांवर ओघळणारा थेंब आहे. तो लेडुकचा. चाक मात्र एडमंटनचं. मॅकफार्लेनने नुसता थेंब परत न काढता तो यंत्रातून बाहेर पडताना दाखवला, हीच त्याची करामत. चाकात पाच रिव्हेट आहेत, मोजून बघा. १९८४, ८५, ८७, ८८ आणि ९०, असे पाच स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं.

आपल्याकडे इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. उद्या तिथल्या एखाद्या संघाने छातीवर कापसाचं बोंड काढलं तर छान दिसेल, पण मागाचा धोटा काढला तर पेठेतलं पोरगंही म्हणेल, हे आपलं.

उलटं उदाहरण डेट्रॉइटचं. तिथल्या रेड विंग्ज या हॉकी संघाचं पंख असलेलं चाक बघून सगळे म्हणतात, मोटारींचं शहर, मग चाक असणारच. पण १९३२मध्ये मालक जेम्स नॉरिसने ते चिन्ह उचललं मॉंट्रियलच्या एका क्लबकडून, जिथे तो आधी खेळला होता. त्या क्लबचं चाक सायकलचं! मोटारींच्या गावात ते शोभेल हे त्याने बरोबर ओळखलं, आणि आता सायकल कुणाला आठवतही नाही. उसनं चिन्हसुद्धा गावाच्या अंगी लागतं, ते असं.

एडमंटनच्या जर्सीत मला एकच गोष्ट खटकते, रंग. १९९६मध्ये संघाने भडक केशरी सोडून तांबूस छटा घेतली होती. या जर्सीत तर तीही गेली, उरलं गडद निळं, चंदेरी आणि पांढरं. हातात घेतली की देखणी, पण स्टेडियमच्या वरच्या रांगेतून बर्फावर पाहिली की कोणत्याही संघाची वाटायची. २००७मध्ये सगळ्या लीगचे कपडे बदलले, त्या वर्षी तिसऱ्या जर्सी बंद ठेवल्या, आणि ही त्यात कायमची गेली. मग २०२२-२३मध्ये जुन्या डिझाइनांना नवा रंग देण्याच्या उपक्रमात तेच चाक केशरी घेऊन परत आलं. तेव्हा कुठे मला ते शंभर पावलांवरून ओळखू आलं.

आता तुमची कोणती? केशरी आणि आदिदासची खूण असती तर २०२२-२३ची. तुम्ही चंदेरी पट्टे म्हणताय, म्हणजे जुनी, आणि त्या काळातल्या मालावर कोहो, सीसीएम किंवा रीबॉक यांपैकी एका कंपनीची खूण असायला हवी. चंदेरी जर्सीवर आदिदास दिसलं तर भाच्याला हळूच विचारा, कुठून घेतली. दुसरी खूण आतली. जर्सी उलटी करा आणि पाठीच्या खालच्या बाजूला एक जाड पट्टा शिवलाय का बघा. मारामारीत समोरचा जर्सी डोक्यावरून ओढून हात जखडतो, तसं होऊ नये म्हणून खेळाडू तो पट्टा पँटला अडकवतात. जुन्या जर्सीत तो असेल तर ती खेळाडूंच्या दर्जाची, नसेल तर चाहत्यांसाठीची. चाहत्यांची म्हणजे खोटी नव्हे, ती पण अस्सलच.

धुताना उलटी करून गार पाण्यात, आणि इस्त्री अजिबात नाही. मी एकदा घाईत फिरवली होती. माझ्या डाव्या बाहीवर इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत त्रिकोण अजून आहे आणि बायको त्याला सहावा कप म्हणते.

मानेमागचं लेबल, आतला पट्टा आणि चाकाची शिवण जवळून दिसेल असे तीन फोटो काढा. रिव्हेटवरचा दोरा चंदेरी आहे की नुसता राखाडी, तेही उजेडात बघून सांगा.