मधुमेही मूत्रपिंडविकार आणि विषाणूजन्य ताप

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून मधुमेहामुळे त्यांच्या मूत्रपिंडांचे काम मंदावले आहे. त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे टाकाऊ द्रव्य) १.६ असे. पावसाळ्यात त्यांना ताप आला, उलट्या झाल्या, जेवण सुटले. पण नेहमीच्या सर्व गोळ्या, शिवाय अंगदुखीची गोळी, त्यांनी नियमाने घेतल्या. त्यानंतर क्रिएटिनिन २.४ झाले. हे विषाणूमुळे झाले का? ते खाली येईल का?

उत्तर : काही विषाणू मूत्रपिंडाला थेट इजा करू शकतात; परंतु आपण लिहिलेल्या हकिकतीत उलट्या, घटलेला आहार आणि औषधे यांचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते. निरोगी मूत्रपिंड हा ताण काही काळ पेलते. आधीच दुबळे झालेले मूत्रपिंड पेलू शकत नाही.

एरवी मूत्रपिंडाचे रक्षण करणाऱ्या टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अशा अवस्थेत हा ताण वाढवू शकतात. पोटात अन्न नसताना डॅपाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या चालू राहिल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ले साठू शकतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचाही निचरा मूत्रपिंडातूनच होतो, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले की ती शरीरात साठू शकते. म्हणून उलट्या-जुलाब होत असताना यांपैकी कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या, हे आपल्या डॉक्टरांकडून आजच, वडील बरे असतानाच, लिहून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इन्सुलिन चालू असल्यास ते मात्र आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये, कारण तापात शरीर जी संप्रेरके सोडते त्यांनी उपाशीपोटीही साखर चढते. उलट मूत्रपिंड मंदावल्याने इन्सुलिनचा व ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा परिणाम लांबून साखर एकाएकी उतरूही शकते. त्यामुळे तापात दर काही तासांनी साखर तपासावी.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही वेदनाशामके त्यांनी टाळावीत. डेंग्यूची शक्यता असेल तर रक्तस्रावाच्या भीतीनेही ती नकोत. तापासाठी पॅरासिटामॉल, योग्य मात्रेत, पुरते. पाणी किती प्यावे हे सूज आणि हृदयाची स्थिती पाहूनच ठरवावे लागते. लघवी फार कमी होणे, धाप लागणे, गुंगी येणे, पोटात काहीच न टिकणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये.

क्रिएटिनिन बरेचदा पुन्हा उतरते, पण नेहमी पूर्ववत होतेच असे नाही. येत्या आठवड्यात ते पोटॅशियमसह पुन्हा तपासून घ्यावे. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी मात्र ताप पूर्ण उतरून काही आठवडे गेल्यावर करावी, कारण तापातही ते तात्पुरते वाढते. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी द्यावी आणि हिपॅटायटिस बी लसीविषयी आताच विचारावे. मूत्रपिंडविकार वाढल्यावर या लसीचा प्रतिसाद क्षीण होतो.